टाकाऊ डाळिंबापासून विद्युतघट: व्होल्टेज येतं, पण एलईडी लागत नाही

विज्ञान_आठवी_सांगोला

नमस्कार. सांगोला तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. धाराविद्युतच्या पाठाला जोडून आणि पुढे तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडता यावा म्हणून फळांच्या कचऱ्यापासून घट करण्याचा उपक्रम घेतला आहे. आमच्याकडे डाळिंबाला तोटा नाही. तेल्या रोग पडलेली, तडकलेली, मार्केटला न जाणारी फळं बांधावर पडूनच असतात. आठवडी बाजारातून डागी लिंबं आणि केळीची सालं मिळतात.

सध्याची मांडणी अशी: एका फळात एक जस्तलेपित खिळा आणि त्यापासून दोन सेंटीमीटरवर तांब्याची तार. एका फळाचं विभवांतर ०.९ व्होल्ट येतं. चार फळं एकसर (एकामागे एक) जोडली की मल्टिमीटर ३.६ दाखवतो. लाल एलईडीला दोन व्होल्टही पुरतात असं वाचलंय, तरी तो लागत नाही. एलईडी जोडलेला असताना त्याच्या टोकांवर मोजलं तर १.७ दिसतं. फिरवून उलटा जोडूनही पाहिला. हे दोन व्होल्ट जातात कुठे?

आणखी काही शंका. व्हिडिओंमध्ये तांब्याच्या पट्टीऐवजी नाणी वापरतात, आपली नाणी चालतील का? डाळिंबाचा रस घ्यावा की साल? तांबं-जस्त आपल्या भागात स्वस्तात कुठे मिळेल? मुलांनी तक्त्यावर ‘कचऱ्यातून वीज, अपारंपरिक ऊर्जा’ असं शीर्षक ठरवलंय, ते बरोबर ठरेल का? आणि ‘मोबाइल चार्ज होईल का’ हा प्रश्न वर्गात आलाच आहे. त्याला आकड्यांत उत्तर द्यायचं आहे, नुसतं नाही म्हणायचं नाही.

---

तार_आणि_सोल्डर

मॅडम, एलईडी चांगला आहे आणि जोडणीही बरोबर आहे. साधा डिजिटल मीटर व्होल्टवर असताना त्याचा स्वतःचा रोध किमान दहा लाख ओहम असतो, त्यामुळे तो घटाकडून जवळजवळ काहीच धारा घेत नाही आणि तुम्हाला पूर्ण ३.६ दिसतात. एलईडी मात्र धारा मागतो. टाकी उंचावर आहे, पण खाली नळ सुईच्या छिद्राएवढा आहे, असा हा प्रकार. धारा वाहू लागली की उरलेले १.९ व्होल्ट घटांच्या अंतर्गत रोधातच खर्च होतात.

हा रोध मुलांकडून मोजून घ्या. उपक्रमातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. १ किलोओहमचा रोधक घ्या (पट्ट्या तपकिरी, काळी, लाल). आधी एका घटाचं मोकळं, म्हणजे काहीही न जोडता येणारं, व्होल्टेज लिहा. मग रोधक घटाच्या टोकांना जोडा आणि बरोबर ३० सेकंदांनी रोधकावरचं व्होल्टेज लिहा. रोधक एक हजार ओहमचा असल्यामुळे व्होल्टचा आकडा तोच मिलिअँपिअरचा आकडा होतो, वेगळा हिशोब नको. मोकळ्या व्होल्टेजमधून जोडलेलं वजा करा आणि धारेने भागा, की अंतर्गत रोध मिळाला. ३० सेकंदांची शिस्त सगळ्या गटांनी पाळायची, कारण वाचन सतत उतरत असतं. एका गटाने पाच सेकंदांनी आणि दुसऱ्याने दोन मिनिटांनी घेतलेलं वाचन शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

खिळा आणि तार यांचा रसात बुडालेला भाग जेमतेम दोन-तीन चौरस सेंटीमीटर भरतो. रोध मोठा असण्याचं मुख्य कारण हेच. फळांची संख्या वाढवल्याने व्होल्टेज वाढतं पण रोधही तितक्याच पटीत वाढतो. त्यामुळे आधी पट्ट्या रुंद करा. तीन सेंटीमीटर रुंद, सात सेंटीमीटर लांब, त्यातली पाच सेंटीमीटर बुडालेली. दोन्ही पट्ट्या समोरासमोर, मध्ये अर्धा ते एक सेंटीमीटर अंतर. पट्ट्या एकमेकींना टेकल्या की घट शॉर्ट होतो, म्हणून मध्ये आइस्क्रीमच्या काडीचा तुकडा अडकवून दोऱ्याने बांधा. अख्ख्या फळात पट्टी खुपसण्यापेक्षा लगदा कपात काढलेला बरा. पडदे-बिया मध्ये येत नाहीत आणि किती बुडालंय ते दिसतं.

आता धातू. मोटार वाइंडिंगवाल्याकडे तांब्याची तार भरपूर मिळते, पण तिच्यावर वार्निशचा थर असतो. दिसते उघड्या तांब्यासारखी आणि मीटर शून्य दाखवतो. वापरायचीच असेल तर पॉलिश पेपरने पूर्ण घासून घ्यावी लागते, आणि तरी पृष्ठभाग कमीच पडतो. त्यापेक्षा अर्थिंगची तांब्याची पट्टी किंवा पातळ पत्रा बघा. इलेक्ट्रिकच्या दुकानात, भांड्यांच्या दुरुस्तीवाल्याकडे किंवा भंगारात वजनावर मिळतो. जस्तासाठी प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानातली शुद्ध जस्ताची पट्टी उत्तम. नाही मिळाली तर कूलर आणि धान्याच्या कोठ्या करणाऱ्या पत्राकारागिराकडे जी.आय. पत्र्याची, म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडी पत्र्याची, कतरण मागा. रंगीत पत्रा घेऊ नका. हल्लीच्या छपराच्या पत्र्यांवर बऱ्याचदा अॅल्युमिनियम-जस्ताच्या मिश्रणाचा लेप असतो, तोही टाळा. त्यात वजनाने निम्म्याहून जास्त अॅल्युमिनियम असतं आणि त्याच्या ऑक्साइडच्या थरामुळे वाचनं भरवशाची येत नाहीत.

नाणी विसरा. परदेशी व्हिडिओंमधल्या सेंटवर तांब्याचा मुलामा असतो. आपली एक आणि दोन रुपयांची चालू नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत.

दोन गोष्टी हमखास चुकतात. एक: एकाच फळात किंवा एकाच भांड्यात दोन जोड्या ठेवून त्या एकसर जोडणं. रस एकच असला की आतून वाट मोकळी राहते आणि व्होल्टेज दुप्पट होत नाही. दर घटाला वेगळा कप हवा, आणि बाहेरून रस ओघळून दोन कपांची बुडं एकाच ओल्या फडक्यावर आली तरी गळती होते. दोन: क्लिप रसात बुडवणं. क्लिपचं लोखंड आणि त्यावरचा मुलामा रसात गेला की तिथे तिसराच घट तयार होतो. पट्टीचे वरचे दोन सेंटीमीटर कोरडे ठेवून क्लिप तिथे लावा.

---

रसायन_जुळे_सोलापूर

वरच्या उत्तरात जोडणीचा भाग नीट आला आहे. मी फळाच्या बाजूने लिहितो.

या घटात वीज फळातून येत नाही, जस्तातून येते. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतो आणि रसात उतरतो. ते इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात. तांब्याच्या पृष्ठभागावर रसातले हायड्रोजन आयन ते घेतात आणि हायड्रोजन वायू होतो, शिवाय रसात विरघळलेला ऑक्सिजनही काही घेतो. तांबं स्वतः खर्च होत नाही. बरेच जण तक्त्यावर १.१ व्होल्ट हा आकडा लिहितात आणि तांब्याचे आयन तांब्यावर बसतात असं समीकरण मांडतात. तो डॅनियलचा घट झाला, त्यात मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण असतं. तुमच्या रसात तांब्याचे आयन नाहीत, म्हणून १.१ लागू होत नाही. ०.९ ते १ व्होल्ट येतं ते बरोबर आहे.

फळ इथे फक्त अपघटनी, म्हणजे आयनांना वाट देणारं द्रावण, आहे. हे सांगून पटत नाही, करून पटतं. त्याच पट्ट्या, तेच अंतर, तीच खोली ठेवून कपातला पदार्थ बदला: लिंबाचा रस, डाळिंबाचा रस, डाळिंबाच्या सालीचा काढा, केळीच्या सालीचा लगदा, मिठाचं पाणी, साधं पाणी. मोकळं व्होल्टेज बहुतेकांत फारसं बदलणार नाही, कारण ते धातूंच्या जोडीवर ठरतं. १ किलोओहमवरचं वाचन मात्र वेगवेगळं येईल. मिठाचं पाणीही घट चालवतं हे मुलांना दिसलं की प्रश्न आपोआप पुढे येतो. शेवटी लिंबाच्या रसात दोन्ही पट्ट्या तांब्याच्या ठेवा. वाचन शून्याच्या आसपास येईल. रस तोच, आंबटपणा तोच, तरी वीज नाही. हा प्रयोग गाळू नका.

डाळिंबाबद्दल. भगवा वाण गोड आहे, त्याच्या रसात आम्ल अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. लिंबात ते पाच-सहा टक्के. म्हणून नुसता डाळिंबाचा रस कमी धारा देतो. त्यात मीठ घालायचं: १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा. जमलं तर चार भाग डाळिंबाला एक भाग लिंबाचा रस. किलोभर फळांतून साधारण ३५० मिलिलिटर रस निघतो, म्हणजे ५० मिलिलिटरचे सहा कप निघून थोडा उरेल.

लगदा आधी उकळा. फळाच्या पेशींचे पडदे शाबूत असले की आयनांना वाट अडते. उकळल्यावर ते फुटतात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये बटाट्यावर हेच दाखवलं होतं: उकडलेल्या बटाट्याच्या घटाने कच्च्याच्या जवळपास दहा पट शक्ती दिली. श्रीलंकेत केलनिया विद्यापीठात केळीच्या खोडाचा गाभा चिरून, उकळून असेच घट केले गेले. करमाळ्याकडे केळीची खोडं कापणीनंतर तशीच पडतात, तिकडच्या शाळांना ते सोयीचं आहे. गाळलेल्या रसाला उकळण्याचा एवढा फायदा नाही, तिथे पेशी आधीच फुटलेल्या असतात. साल, गर, खोड यांना मात्र दहा मिनिटं उकळी द्याच.

तांब्याची पट्टी चिंच-मिठाने घासा, देवाची भांडी घासतात तशी, आणि धुऊन कोरडी करा. न घासलेल्या काळपट पट्टीवर कॉपर ऑक्साइडचा थर असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो, त्यामुळे सुरुवातीला व्होल्टेज उलट जास्त दिसतं आणि थर संपला की घसरतं. एका गटाची पट्टी घासलेली आणि दुसऱ्याची काळी असेल तर तुलना बिघडते.

---

विज्ञान_आठवी_सांगोला

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजलं. जुन्या खिळा-तारेच्या घटाचं मोकळं व्होल्टेज ०.९०, रोधक लावल्यावर ०.२४. म्हणजे अंतर्गत रोध २७५० ओहम. चार घटांचे ११ हजार ओहम. एलईडीला मिळणारी धारा ०.१७ मिलिअँपिअर, हे मुलांनी फळ्यावर काढलं.

मग जी.आय. पत्र्याची कतरण आणि अर्थिंगची पट्टी घेऊन, मीठ घातलेल्या उकळलेल्या लगद्यात नवीन घट केले. मोकळं ०.९२, रोधकावर ०.६२. अंतर्गत रोध ४८४ ओहमवर आला. चार घटांवर लाल एलईडी वर्गातही स्पष्ट दिसतो.

आता दोन अडचणी. दहा मिनिटांत प्रकाश निम्म्याहून कमी होतो, व्हरांड्यात तर दिसतच नाही. आणि एका गटाच्या कपात, ज्यात सालीसकट लगदा आहे, जस्ताच्या पट्टीभोवती शाईसारखा काळा-निळा रंग उतरला आहे. बाकीच्या कपांत तो नाही. पट्टी काढून टाकावी का?

---

रसायन_जुळे_सोलापूर

पट्टी काढाच, पण आधी मुलांना दाखवा. डाळिंबाच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं आणि टॅनिन लोखंडाला भेटलं की काळा-निळा रंग होतो. जुन्या काळची शाई आणि सुताचा काळा रंग याच रसायनावर चालायचे. म्हणजे त्या पट्टीवरचा जस्ताचा लेप गेला आणि खालचं लोखंड उघडं पडलं. पट्टी जिथे कापली तिथली कड उघडीच असते, सुरुवात बहुधा तिथून होते. कड मेणबत्तीच्या मेणाने किंवा नेलपॉलिशने झाका. तरीही काळं होत असेल तर लेपच संपला असं समजा.

तो लेप किती कमी असतो ते बघा. साधारण जी.आय. पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असतं, म्हणजे एका बाजूच्या चौरस सेंटीमीटरवर ६ मिलिग्रॅम. तुमच्या बुडालेल्या १५ चौरस सेंटीमीटरवर, दोन्ही बाजू धरून, १८० मिलिग्रॅम. मीठ आणि आम्ल असलेल्या रसात वीज न घेताही जस्त विरघळत राहतं. म्हणून घट वापरात नसताना पट्ट्या बाहेर काढून, धुऊन, पुसून ठेवायच्या. रात्रभर रसात राहिलेली पट्टी सकाळी कामातून गेलेली असू शकते.

प्रकाश मंदावण्याचं कारण तांब्याच्या बाजूला आहे. पट्टीजवळच्या रसातला ऑक्सिजन संपतो आणि पृष्ठभागावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे चिकटतात. भिंगातून बघितले तर दिसतात. याला ध्रुवण म्हणतात. पट्टी नुसती हलवली किंवा बाहेर काढून पुसून पुन्हा ठेवली तरी एलईडी लगेच उजळतो. ते एकदा करून दाखवा, कारण डोळ्यांसमोर घडतं. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइडही चालतं. बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असेल तर ते ६ टक्क्यांचं असतं. तेवढंच पाणी घालून ते अर्धं करायचं आणि दहा-बारा थेंब तांब्याच्या पट्टीलगत सोडायचे. धारा चांगली वाढते. हे काम शिक्षकांनी स्वतः, हातमोजे घालून करावं. न उकळलेल्या लगद्यात फळातल्या विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) फेस येऊ शकतो, उकळलेल्यात तो त्रास राहत नाही.

तक्त्याच्या शीर्षकाबद्दल स्पष्ट लिहितो. ‘फळांच्या कचऱ्यातून वीज’ हे विधान बरोबर नाही आणि ‘अपारंपरिक ऊर्जा’ तर नाहीच. एक ग्रॅम जस्त सैद्धांतिकदृष्ट्या ८२० मिलिअँपिअर-तास देतं. घट अर्ध्या व्होल्टवर चालवला तर एका किलो जस्तातून जास्तीत जास्त ०.४१ युनिट वीज मिळेल. तेच एक किलो जस्त विद्युत अपघटनाने मिळवायला कारखान्यात ३ युनिटांहून जास्त वीज लागते. आपण कारखान्यात साठवलेल्या ऊर्जेचा छोटा हिस्सा परत घेतो, आणि जस्त संपलं की ते शेतात उगवत नाही. मुलांनी हा हिशोबच तक्त्यावर मांडला तर परीक्षकांना उपक्रमाची खोली दिसेल. सोनाराचा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा मिळाला तर जस्ताची पट्टी आधी आणि नंतर तोला. एक मिलिअँपिअर धारा २४ तास घेतली तर ०.०३ ग्रॅम जस्त जायला हवं. प्रत्यक्षात पट्टीचं वजन त्याहून जास्त कमी झालेलं दिसेल. तो फरक म्हणजे वीज न देता नुसतंच विरघळलेलं जस्त. शीर्षक ‘फळांच्या रसात जस्त-तांब्याचा घट: शक्ती कशावर ठरते?’ असं काहीतरी ठेवा.

मोबाइलचं उत्तर: तुमच्या पहिल्या प्रकारच्या घटातून सर्वाधिक शक्ती मिळते ती साधारण ०.४५ व्होल्ट आणि ०.१६ मिलिअँपिअरवर, म्हणजे ०.०७ मिलिवॉट. नवीन घटातून सुमारे ०.४४ मिलिवॉट. साधा चार्जर ५ वॉटचा. नवीन घट ११ हजारांहून जास्त लागतील, तेही ध्रुवण होत नाही असं धरून.

---

गोबरगॅस_मोहोळ

शेतातल्या कचऱ्याची बाजू राहिली आहे, म्हणून लिहितो.

मॅडम, आधी तेल्याचं. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. रोगट फळं क्रेटमध्ये भरून एका गावाहून दुसऱ्या गावी, बागांच्या रस्त्याने नेऊ नका. शाळेच्या आवारात उघडी टाकू नका आणि उरलेली साल जवळच्या बागेच्या बांधावर तर अजिबात नको. रोगट फळं गोळा करून नष्ट करायची हा डाळिंबातला मूळ नियम आहे. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, शेतकऱ्यांना रोगाबद्दल शंका असेल तर तिथे विचारता येतं. शाळेसाठी उन्हाने करपलेली, तडकलेली फळं घ्या. तेल्याचीच असतील तर आणल्या दिवशी उकळून घ्या, उकळीत जिवाणू टिकत नाहीत.

कचऱ्यातून खरोखर अपारंपरिक ऊर्जा दाखवायची असेल तर घटाशेजारी बायोगॅस ठेवा. किलोभर ओल्या फळकचऱ्यातून, नीट कुजला तर, साधारण ५० ते ८० लिटर गॅस मिळतो. एक हजार लिटर बायोगॅसमध्ये सुमारे ६ युनिट उष्णता असते. म्हणजे एका किलोतून ०.३ युनिटाच्या वर. तुमचा नवीन घट रोज दहा तास पूर्ण शक्तीने चालला तरी एका युनिटाला लाखो दिवस लागतील. इथे ऊर्जा खरोखर फळातल्या साखरेची आहे, उन्हातून आलेली आहे, आणि पुढच्या बहाराला पुन्हा येते. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर चालणारं घरगुती सयंत्र तयार केलं, त्याला २००६ चा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. तेच तत्त्व शाळेत लहान प्रमाणात दाखवता येतं.

वीस लिटरचा पाण्याचा जार घ्या. ५ किलो ताजं शेण आणि ५ लिटर पाणी कालवून ओता. झाकणातून नळी काढून ती सायकलच्या ट्यूबला जोडा. सांधे एम-सीलने बंद करा आणि साबणाच्या पाण्याने गळती तपासा. जार काळ्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. ३५ अंशांच्या आसपास काम उत्तम चालतं, त्यामुळे आपल्याकडे फेब्रुवारीनंतर गॅस लवकर धरतो आणि डिसेंबर-जानेवारीत रेंगाळतो. पहिला गॅस बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो, तो जळत नाही. ट्यूब रिकामी करून पुन्हा भरू द्या. नीट गॅस येऊ लागला की रोज ५० ग्रॅम वाटलेला गर घालायला सुरुवात करा, आठवड्याने १०० ग्रॅम.

डाळिंबाची साल यात घालू नका. टॅनिन मिथेन करणाऱ्या जिवाणूंना अडवतं. लिंबाची सालही नको, तिच्यातलं तेल तसंच नडतं. फक्त गर घाला. एकदम जास्त गर घातला तर साखरेचं आम्ल होतं, जार आंबतो आणि गॅस थांबतो. लिटमस लाल झाला की चारा थांबवा, चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा घाला, दोन दिवसांनी पुन्हा तपासा. ज्योत दाखवायची ती मैदानात, शिक्षकांनी, लहान ट्यूबमधून. वर्गात नाही.

---

तार_आणि_सोल्डर

प्रदर्शनात दिवसभर काहीतरी चालू दिसायला हवं, त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला, एलईडी सतत पेटवण्याऐवजी साठवून पेटवणं. चार नवीन घट एकसर, त्यांच्या टोकांना ४७०० मायक्रोफॅरडचा १० किंवा १६ व्होल्टचा कपॅसिटर. अधिक-उणे बघून जोडा, उलटा जोडू नका. घटांचा एकूण रोध १९०० ओहमच्या आसपास आहे, म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटात ३.५ व्होल्टपर्यंत भरेल, घट थकले की मिनिटभर लागेल. मग दाबाच्या बटणामार्फत लाल एलईडी आणि १०० ओहमचा रोधक त्याला जोडा. बटण दाबलं की सुरुवातीला १५ मिलिअँपिअरच्या जवळ धारा जाते आणि एलईडी चांगला लखकन पेटतो, अर्ध्या-पाऊण सेकंदासाठी. बघणाऱ्याला भरणारं व्होल्टेज मीटरवर दिसत राहतं, हे सतत मिणमिणणाऱ्या दिव्यापेक्षा जास्त समजावतं.

दुसरा, घड्याळ. काट्याचं साधं भिंतीवरचं घड्याळ एका पेन्सिल सेलवर वर्षभर चालतं, म्हणजे त्याची सरासरी भूक फारच कमी. मात्र दर सेकंदाला काटा सरकवताना ते क्षणभर काही मिलिअँपिअर ओढतं. तेवढी धारा फळाचा घट एकदम देऊ शकत नाही आणि काटा जागच्या जागी थरथरतो. दोन घट एकसर जोडा आणि टोकांना समांतर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, काटा चालू लागतो. कॅल्क्युलेटर वापरणार असाल तर त्याच्यावरच्या सौरपट्टीवर काळी टेप चिकटवा, नाहीतर तो उजेडावरच चालेल आणि श्रेय डाळिंबाला जाईल.

कप सांडायची भीती असेल तर व्होल्टाने १८०० मध्ये केली तशी चळत करा. तांबं, भिजवलेलं कापड, जस्त. पुन्हा तांबं, कापड, जस्त. चकत्या पाच सेंटीमीटरच्या. कापडाला आपल्या सोलापुरी टेरी टॉवेलची कतरण एकदम योग्य, जाड असल्याने रस धरून ठेवते. पण मागावरून थेट निघालेलं कोरं कापड घेऊ नका. त्यावर कांजी असते, थेंब टाकला तर मोत्यासारखा वर बसून राहतो. साबणाच्या गरम पाण्यात धुऊन वाळवा. थेंब पडताक्षणी आत शिरला पाहिजे. कापडाचा तुकडा धातूच्या चकतीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान कापा. रसात भिजवून घट्ट पिळा, ओलसर राहील एवढंच. गळता ठेवला तर रस चळतीच्या कडेने खाली ओघळतो, सगळे थर बाहेरून जोडले जातात आणि सहा थरांचं व्होल्टेज दोन-तीनच येतं. वरून मध्यम वजनाचं पुस्तक ठेवा, जास्त दाबलं तर रस पुन्हा बाहेर येतो.

---

विज्ञान_आठवी_सांगोला

सगळं टिपून घेतलं. शीर्षक बदलतोय, हिशोबाचा तक्ता मुलं करताहेत, आणि बायोगॅसचा जार शेजारी ठेवू. एकच राहिलं: उरलेला लगदा गुरांना घालता येईल का, आणि रस आदल्या दिवशी करून ठेवला तर चालेल का?

---

रसायन_जुळे_सोलापूर

पट्ट्या बुडालेला लगदा गुरांना नाही, कोंबड्यांना नाही आणि मुलांनी चाखायचा तर मुळीच नाही. त्यात जस्त आणि थोडं तांबं उतरलेलं असतं. बायोगॅसच्या जारमध्येही तो नको, हे धातू तिथल्या जिवाणूंना मारक ठरू शकतात. प्रमाण कमी आहे, म्हणून लगदा उन्हात वाळवून कचऱ्याच्या गाडीत द्या. पट्ट्या न बुडवलेला लगदा वेगळ्या भांड्यात ठेवा, तो जारला किंवा खतात चालेल.

रस आदल्या दिवशी केला तर मीठ घालून उकळा, गरम असतानाच स्वच्छ बाटलीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर सकाळीच करा. आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेला रस एका दिवसात आंबतो, घट्ट झाकणाची बाटली गॅसने फुगते, आणि कपांवर चिलटं जमतात. कपांवर मच्छरदाणीचा तुकडा टाका. दिवसभर मांडणी असेल तर दर तासाला चमचाभर मिठाचं पाणी घाला, नाहीतर पातळी उतरून पट्टीचा बुडालेला भाग कमी होईल आणि दुपारची वाचनं सकाळच्या वाचनांशी जुळणार नाहीत. पट्टीवर पाच सेंटीमीटरची खूण खिळ्याने आधीच ओरखडून ठेवा, पेनाची शाई रसात पुसली जाते.